कुठले काळे?

पहाटे ३.३०

कांदा रात्रीच भरून ठेवलेला असतो. पहाटे उठून दोर पुन्हा आवळायचा, ताडपत्री नीट बसली आहे का ते पाहायचं आणि टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायची. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, मागचे लाल रिफ्लेक्टर, नंबर प्लेट. प्लेटवर चिखल उडाला असेल तर फडकं मारायचं. आमच्या लाइनचे बाकीचे ड्रायव्हर एवढं करत नाहीत, त्यांचं त्यावाचून भागतं. माझी पिकअप अडवायला कुणाला निमित्त मिळू नये म्हणून मी हे करतो. निमित्त नसताना अडवली तर मग दोष माझ्या गाडीचा नाही, हे निदान मला तरी ठाऊक असतं.

डॅशबोर्डवर प्लास्टिकची फाईल. लायसन, आरसी, विमा, पासिंग, परमिट, पीयूसी, याच क्रमाने. सगळ्यात वर मालाची चिठ्ठी: कांदा कुणाचा, गोण्या किती, कुठल्या आडतीवर जायचाय, शेतकऱ्याचा फोन नंबर. मोबाईलमधल्या डिजिलॉकरचे कागद २०१८ पासून कायद्याने चालतात, ते माझ्याकडेही आहेत. पण अंधारात आपला मोबाईल दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा कागद दिलेला बरा.

पहाटे ४.१५

खर्डा सोडलं. शिवपट्टण किल्ल्यावरचा भगवा ध्वज अंधारात दिसत नाही, पण ७४ मीटरचा तो खांब उजाडल्यावर कोसभरावरून दिसतो. बाहेर कुठे गावाचं नाव सांगितलं की शिकलेली माणसं दोनच गोष्टी काढतात. पहिली ११ मार्च १७९५ ची लढाई. निजामाला मराठ्यांनी इथे हरवलं, त्याच्या सैन्याला किल्ल्यात कोंडलं, एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. दुसरी गोष्ट दबक्या आवाजात निघते. २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा इथे खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा. खटला उभा राहिला, साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. गरिबाने पोलीस-कोर्टावर भरवसा ठेवून तोंड उघडावं की नाही, याचा हिशोब आमच्याकडची माणसं अजूनही त्या निकालावरून करतात.

गाव नगर जिल्ह्यातलं, पण तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर आहे. इकडे पाटोद्याला निघालं की बीड, तिकडे भूमला निघालं की धाराशिव. आषाढीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी खर्ड्यात मुक्कामाला असते. तेव्हा याच रस्त्यावर पोलीस वारकऱ्यांना पाणी देतात, ‘माउली’ म्हणून बाजूला करतात. तेच पोलीस, तोच रस्ता. एरवी मात्र हद्दीवरचं गाव म्हणजे नाकाबंदी ठरलेली. चोरी एका जिल्ह्यात होते, गाडी दुसऱ्यात जाते, तपास तिसऱ्यात निघतो. म्हणून हद्दीवर गाड्या बघणं भागच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहाटे ५.००

जामखेडजवळ बॅरिकेड. माझ्या पुढे पांढरी चारचाकी थांबलेली, मागे दुधाचा टेम्पो. मी आतला दिवा लावला, काच पूर्ण खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कानटोपीवर पोलिसी टोपी चढवलेल्या एक मॅडम आल्या.

“नमस्कार दादा. नाकाबंदी आहे. रात्री मोटारसायकली गेल्यात, म्हणून मालाच्या गाड्या बघतोय. काय भरलंय?”

“कांदा, मॅडम. नेप्तीला.”

“लायसन दाखवा.”

लायसनवर टॉर्च, मग माझ्या तोंडावर नाही तर थोडी बाजूला टॉर्च, मग ताडपत्रीचं एक टोक उचलून आत नजर. आडनाव त्यांनी वाचलं असणारच. काही बोलल्या नाहीत.

“जावा. आष्टीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आहेत, बिगर लाइटीच्या. सावकाश.”

सगळं मिळून दोन मिनिटं. त्यांनी काही मेहेरबानी केली नाही. आधी नमस्कार, मग थांबवण्याचं कारण, मग प्रश्न, मग कागद, एवढा क्रम पाळला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवणं माझं कर्तव्यच आहे. पण कारण कळलं की तेच काम माणूस मनापासून करतो. आणि पुढची चारचाकी व मागचा टेम्पोही थांबवला होता, हे मला दिसत होतं. अपमान वाटायला जागाच राहिली नाही.

सकाळी ६.३०

आता दुसरा नाका. कुठला ते सांगत नाही, कारण हे एकाच नाक्याचं दुखणं नाही.

“ए, बाजूला घे.” गाडी नीट उभी राहायच्या आत खिडकीतून हात आला आणि चावी काढून गेला.

“नाव?”

सांगितलं.

“आडनाव?”

“काळे.”

“कुठले काळे?”

“खर्ड्याचे.”

“गाव नाही विचारलं. कुठले काळे?”

या प्रश्नाचा अर्थ आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. काळे मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत आणि पारध्यांत आहेत. भोसले, पवार, चव्हाण, शिंदे हेही एकाहून जास्त जातींत आहेत. नुसत्या आडनावावरून जात कळत नाही, म्हणून हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर टाळलं तर तिसरा येतो.

“गावात राहतो का वस्तीवर?”

“वस्तीवर.”

“उतर खाली.”

मग मालाची चिठ्ठी दाखवली तरी ती खोटी. शेतकऱ्याला फोन लावायला सांगितला, त्याने झोपेतून उठून गोण्यांचा आकडा बरोबर सांगितला, तरी समाधान नाही. दोन गोण्यांचे टाके उसवून रस्त्याकडेला ओतायला लावल्या. लाल कांदा, पातळ सालीचा. आपटला की फुटतो आणि फुटला की लिलावात त्याचा भाव पडतो. उतारावरून घरंगळत काही डांबरावर गेले, त्यातले दोन-चार एका ट्रकखाली आले. मी बसून एकेक वेचत होतो तेव्हा चारचाक्या, टेम्पो, मोटारसायकली शेजारून निघून जात होत्या. त्यातलं कुणी थांबवलं नाही. शेवटी चावी बॉनेटवर आदळली. “जा.” दंड नाही, पावती नाही, नोंद नाही. म्हणजे कागदोपत्री मला तिथे कुणी अडवलंच नव्हतं.

मी आवाज चढवला नाही. वाद घातला की सरकारी कामात अडथळा. पूर्वी त्याला ३५३ म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. मोबाईलही काढला नाही, “शूटिंग करतो काय” या वाक्यापुढे काय होतं ते आमच्या माणसांना ठाऊक आहे. छातीवरची नेमप्लेट वाचली, वेळ लक्षात ठेवली. खरं तर झडती घ्यायचीच तर तिचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतः करायचं, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं. गाडीची चावी उपटून घ्या असं सांगणारं कलम मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि ‘कुठले काळे’ हा प्रश्न तर कुठल्याच कायद्यात नाही.

सकाळी ९.००

नगरला कल्याण रस्त्यावरच्या नेप्ती उपबाजारात पोचलो तेव्हा आमच्या ओळीचा लिलाव पुढे सरकला होता. शेतकऱ्याला फोनवर सांगावं लागलं की दोन गोण्यांचा माल खाली जाईल. “तुझा काय दोष, भाऊ,” तो म्हणाला. पण पुढच्या वेळी तो दुसऱ्याची गाडी सांगेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. झडतीत माझा वेळ गेला, त्याचा पैसा गेला आणि माझा धंदा कच्चा झाला. चोर मात्र सापडला नाही.

चहाच्या टपरीवर ड्रायव्हरांचा फड जमतो. कुरेशी समाजातला एक जण आहे, पूर्वी जनावरं वाहायचा, आता फक्त भुसार भरतो. त्याला पोलिसांपेक्षा रस्त्यात आडव्या गाड्या लावून थांबवणाऱ्या पोरांचं भय जास्त. ना गणवेश, ना अधिकार, तरी कागद मागतात. याच जाचाला कंटाळून २०२५ मध्ये कुरेशी समाजाने राज्यात ठिकठिकाणी जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली होती. दुसरा एक मोठ्या घरचा. सीटबेल्ट नव्हता, धरलं, याने आडनाव सांगितलं, एका पुढाऱ्याला फोन लावून दिला आणि सुटला. हे सांगून तो हसला, सगळे हसले. मला हसू आलं नाही. आडनावावरून एकाची झडती होते आणि आडनावावरूनच दुसऱ्याचा दंड माफ होतो. नाक्यावरची नजर दोन्हीकडे तीच.

सकाळी ११.३०

हिशोबपट्टी हातात आली. हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याचे पैसे त्याच्या खात्यावर. मी परतीचं भाडं शोधतो. किराणा मिळाला, खर्ड्याच्या दोन दुकानांचा.

तोवर पीयूसी करून घेतली. मुदत संपायला अवकाश होता, पण आमच्या गाडीवर शेवटच्या दिवसाची वाट पाहणं परवडत नाही. पूर्वी अजून एक वाद असायचा. लायसन हलक्या वाहनाचं, गाडी मालाची, मग वेगळा शेरा कुठाय? ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला. साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं. निकालाची बातमी फाईलमध्ये घडी करून ठेवली आहे. एकदा एका हवालदारांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “बरं झालं दाखवलंत, आम्हाला कुणी सांगत नाही.” हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दुपारी २.३०

कड्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस चारी बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा उसात गडप. ड्रायव्हर कोवळी पोरं, पाटोदा-आष्टीकडची. रस्त्यात दोन पोलीस प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवत होते आणि टेपरेकॉर्डरचा आवाज कमी करायला लावत होते, मागून आलेल्या गाडीचा हॉर्न ऐकू यावा म्हणून. पावती फाडत नव्हते.

रांग सुटेपर्यंत त्यातल्या एका हवालदारांशी बोललो. पन्नाशीचे असतील. म्हणाले, “रात्री बॅटरी दाखवली की शंभरातला एखादा गाडी थांबवण्याऐवजी अंगावर घालतो. कुठला एक घालणार ते कळत नाही, म्हणून शंभरांशीही ताठच बोललं जातं. त्यात ज्याला थांबवावं तो ‘मला ओळखत नाही का’ म्हणतो. दिवसभर तेच ऐकून संध्याकाळी जो गरीब सापडतो त्याच्यावर निघतं.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. बारा-बारा तास उभं राहायचं, बंदोबस्त लागला की घरच्या कार्याला मुकायचं, साहेबाने केसचा आकडा विचारला की द्यायचा. गाडीतल्या माणसाला पोलिसाची भीती वाटते तशी रस्त्यावर उभ्या पोलिसाला गाडीची वाटते. म्हणूनच मी आतला दिवा लावतो आणि हात दिसतील असे ठेवतो. पण ते शेवटचं वाक्य, जो गरीब सापडतो त्याच्यावर निघतं, तेवढं मात्र मान्य करता येत नाही. मोठ्याने केलेल्या अपमानाचं बिल लहान्याच्या नावावर का?

संध्याकाळी ५.३०

खर्डा. दुकानासमोर पोती उतरवत होतो, तेवढ्यात चौकात गडबड. मोटारसायकलवर तिघं, चालवणारं पोरगं मिसरूड न फुटलेलं. बापाचं गावात वजन. हवालदारांनी गाडी बाजूला लावली, पोराला उन्हातून सावलीत बसवलं आणि बापाला बोलावून घेतलं. बाप आला तो आवाज करतच. हवालदार एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “काका, अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोरगं तुमचंच आहे, जपायचं तुम्ही.” अरे-तुरे नाही, शिवी नाही, माघारही नाही. चलान मशीनमध्ये गेलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पोलीस स्वतः हेल्मेट घालत नाहीत, त्यांचं काय?” त्याचंही उत्तर कायद्यात आहे, लोकांना माहीत नसतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २१०-ब. हा कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दंड दुप्पट. मी ते सांगितलं तेव्हा हवालदार हसून म्हणाले, “म्हणून तर घालतो, काळे.” काळे म्हणाले, कुठले ते विचारलं नाही.

संध्याकाळी ७.३०

वस्तीवर आलो. माझी भाची कायदा शिकते. कलमांचे आकडे मी तिच्याकडूनच पाठ केलेत. तिला सकाळचं सांगितलं. ती चिडली नाही, वही काढली. वेळ, ठिकाण, नेमप्लेटवरचं नाव, किती वेळ, काय नुकसान. “मामा, उद्या अर्ज देऊ. शिव्या घालणारा नाही, माहिती मागणारा. नाकाबंदी कशासाठी होती, त्या वेळात किती गाड्या तपासल्या, त्यांची नोंद कुठे आहे?”

माझ्या आजोबांना हे विचारता आलं नसतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे आमच्यासारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. नोंदलेल्या माणसाने हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडायचं तर पास काढायचा, दुसऱ्या गावी पाटलाला तो दाखवायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा गेला. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी यादी नव्या वहीत उतरली. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी सकाळी नाक्यावर माझ्याकडे जो पास मागितला गेला तो तोच होता. लायसन दाखवून त्याचं समाधान होत नाही.

भाचीने दोन निकाल वाचून दाखवले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात सांगितलं की मागास, वंचित समाजातला आहे म्हणून कुणाचं नाव यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये घालू नका. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. निकाल दिल्लीत लागला, नाका इथे आहे. मधलं अंतर कुणीतरी तुडवायला हवं. ती म्हणाली, इंग्लंडमध्ये १९८४ चा एक कायदा आहे. पोलिसाने झडती घेण्याआधी आपलं नाव, ठाणं, काय शोधतोय आणि का, हे सांगायचं, आणि झडतीची नोंद मागितली तर द्यायची. ज्यांनी आमच्या आजोबांना पास लावले त्यांनी आपल्या घरी हा नियम केला.

रात्री ९.३०

उद्याचं भाडं ठरलं, भूमकडचा खवा. रात्री निघावं लागेल. रात्रीच्या फेरीत पोलिसांपेक्षा काठ्या घेतलेल्या गावकऱ्यांची धास्ती असते. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात आणि मराठवाड्यात ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी आवई उठली होती. गावोगावी पहारे बसले आणि अनोळखी गाडी दिसली की घेराव. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती. वेष परका, बोली परकी, एवढ्यावर निकाल लागला. नाक्यावरचा पोलीस जेव्हा चेहरा पाहून गाडी निवडतो तेव्हा जमावही तेच शिकतो. आणि पोलीस जेव्हा कारण सांगून, सगळ्यांना सारखं थांबवतो, तेव्हा अशा रात्री पहिला फोन ११२ ला करायची हिंमत आमच्यासारख्यालाही होते.

म्हणून माझं मागणं थोडं आहे. पोलीसदादांनी गाडी जरूर थांबवावी. आधी कारण सांगावं, चावी ड्रायव्हरकडे राहू द्यावी, दंड असेल तर चलान द्यावं, झडती घेतली तर नोंद करावी. गाड्या निवडायच्या असतील तर मालाच्या निवडा, ठरावीक वेळेच्या निवडा, दर पाचवी निवडा. आडनावाच्या निवडू नका. आणि ड्रायव्हर मंडळींनो, कागद पुरे ठेवा, बोलावलं तर थांबा, आवाज खाली ठेवा, आणि तुमचं आडनाव सांगून सुटका होत असेल तरी सुटू नका, दंड भरा. तुम्ही त्या नावावर सुटलात की त्याच नाक्यावर दुसरा कुणी त्याच्या नावावर अडकतो. गाडी पाहा, कागद पाहा, माल पाहा. कुठले काळे, ते पाहू नका.